हा आपला राजमा नाही

अ‍ॅरिझोनातल्या मराठी मंडळींच्या कुठल्याही पॉटलकला जा. टेबलाच्या एका टोकाला कुणीतरी स्लो कुकर आणून ठेवलेला असतो. काचेच्या झाकणावर वाफ जमलेली असते आणि आत बीन्स, मका, मिरची घातलेलं दाट, तपकिरी सूप असतं. बाजूला चिठ्ठी: ‘साऊथवेस्टर्न बीन सूप’. रांगेतलं कुणीतरी झाकण उचलतं, वास घेतं आणि म्हणतं, “अरे, हा तर आपला राजमाच!” पाठोपाठ दुसरं वाक्य येतंच: “नाहीतरी यांचं स्वतःचं असं खाणं आहेच कुठे?”

हा लेख या दोन वाक्यांच्या विरोधात आहे.

मी अठ्ठावीस वर्षांची आहे, मूळची सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातली. चँडलरला राहते, दिवसभर कोड लिहिते आणि महिन्यातून दोनदा तरी हे सूप करते. म्हणून ही वाक्यं मला वारंवार ऐकावी लागतात. बोलणारे दुष्ट नसतात. प्रेमानेच बोलतात. पण प्रेमाने बोललेलं वाक्यसुद्धा खोटं असू शकतं, आणि हे वाक्य खोटं आहे. हे सूप आपलं नाही. ते ज्यांचं आहे त्यांना नाव आहे, भाषा आहे, गाव आहे. त्यातलं एक गाव तर आमच्या अपार्टमेंटपासून अर्ध्या तासावर आहे.

‘आपला’ म्हणजे नेमका कुणाचा?

राजमा, पिंटो, ब्लॅक बीन, नेव्ही बीन ही सगळी एकाच जातीची भावंडं. शास्त्रीय नाव फॅसिओलस व्हल्गॅरिस. हजारो वर्षांपूर्वी मेक्सिको-मध्य अमेरिकेच्या पट्ट्यात आणि अँडीजच्या डोंगरात, अशा दोन ठिकाणी माणसांनी त्या रानवेलीचं पीक केलं. कोलंबसाच्या आधी भारतात कुणी राजमा खाल्लेला नाही. मिरचीही पोर्तुगीजांबरोबर आली. ज्ञानेश्वरांच्या पानात मिरची नव्हती.

अजून पुढे जाऊ. एकादशीचं ताट बघा, आपल्या लेखी सगळ्यात सोवळं. साबुदाणा कसावाच्या कंदापासून होतो, कसावा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा अँडीजमधला. शेंगदाणा तिकडचाच. रताळं तिकडचं. हिरवी मिरची तिकडची. राजगिरासुद्धा तिकडचाच. ताटातली भगर तेवढी जुनी. ज्या लोकांना ‘स्वतःचं खाणं नाही’ असं आपण म्हणतो, त्यांच्याच पिकांवर आपण उपवास करतो!

मी कुणाचा उपवास मोडायला निघालेली नाही. साबुदाण्याची खिचडी आपली आहेच, कारण ती आपण घडवली. मुद्दा उलटा आहे. चारशे-पाचशे वर्षांत परकं पीक इतकं आपलं करता येतं, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. मग ज्यांनी ते पीक हजारो वर्षं सांभाळलं, त्यांच्या भांड्यातल्या पदार्थाला ‘आपला राजमा’ म्हणणं म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. वाक्य म्हणायचंच असेल तर दिल्लीच्या ढाब्यावर राजमा-चावल खाताना म्हणा: “अरे, हे तर त्यांचे फ्रिहोलेस!”

ते भांडं तरी काय आहे?

स्लो कुकरबद्दलही आपल्यात एक तुच्छता आहे. “सगळं ओतायचं, बटण दाबायचं, याला काय स्वयंपाक म्हणायचा?” हे बोलणाऱ्यांत पुरुष बरेच, आणि त्यांतले निम्मे दोन्ही वेळा बायकोच्या हातचं जेवणारे.

या भांड्याचा इतिहास ऐका. आयर्विंग नॅक्सन नावाचा एक ज्यू-अमेरिकन संशोधक. त्याच्या आईचं बालपण लिथुआनियात गेलेलं. ज्यू धर्मात शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, विस्तव पेटवायचा नाही, रांधायचं नाही. मग शुक्रवारी संध्याकाळी घरोघरची भांडी गावातल्या बेकरीत जायची. पाव भाजून झाल्यावर विझत चाललेल्या भट्टीत ती रात्रभर राहायची. बीन्स, बार्ली, असलं तर मांस. दुसऱ्या दिवशी तयार गरम जेवण. त्याचं नाव चोलेंट. आईकडून ऐकलेल्या या गोष्टीवरून नॅक्सनने विजेवरचं भांडं बनवलं. १९३६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९४० मध्ये पेटंट मिळालं. भांड्याचं नाव होतं ‘नॅक्सन बीनरी’. होय, बीनरी. हे यंत्र जन्मालाच आलं ते बीन्स शिजवायला. १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आणलं. नोकरीला जाणाऱ्या बायकांनी ते उचलून धरलं. सकाळी भरायचं, संध्याकाळी वाढायचं.

म्हणजे हे आळशाचं यंत्र नाही. ज्यांना त्या वेळी विस्तवाजवळ बसून राहणं शक्य नव्हतं त्यांचं आहे. कुणाला धर्म आडवा होता, कुणाला शिफ्ट. आणि आपल्याकडे चुलीचा वैल कशासाठी असायचा? पुढच्या तोंडावर भाकरी, आणि मागे वैलावर, उरल्यासुरल्या आचेवर आमटी रटरटत राहायची. तिच्यापाशीही कुणी उभं नसायचं. त्या आमटीला आपण ‘चुलीवरची चव’ म्हणून दोनशे रुपये जास्त मोजतो. तीच पद्धत विजेवर आली की नाक मुरडतो.

साऊथवेस्ट, पण कुणाच्या?

आता दुसऱ्या बाजूला वळते, कारण नावं पुसायचं काम आपण एकट्यांनी केलेलं नाही. अमेरिकन बाजाराने ते आपल्याआधी आणि आपल्याहून सफाईने केलं आहे.

‘साऊथवेस्टर्न स्टाईल’ या शब्दांकडे नीट बघा. नैऋत्य, पण कुठून? वॉशिंग्टनहून. मेक्सिको सिटीतून पाहिलं तर ही उत्तर आहे. १८४८ पर्यंत हा जवळजवळ सगळा मुलूख मेक्सिकोत होता. त्या वर्षी युद्धानंतरच्या तहात तो अमेरिकेकडे आला आणि १८५३ च्या व्यवहारात दक्षिणेचा आणखी एक पट्टा विकत घेतला गेला. तेव्हा आखलेली सीमारेषा तोहोनो ओओधाम लोकांच्या भूमीच्या मधोमध गेली. त्यांच्यासाठी ही जागा कुठल्याच दिशेला नव्हती. ते तिथेच होते.

मराठी माणसाला हा प्रकार कळायला हवा. ‘साउथ इंडियन’ या दोन शब्दांत आपण चार-पाच राज्यं इडली-डोशात कोंबतो. उत्तरेतल्या हॉटेलात ‘महाराष्ट्रीयन थाळी’ मागवा: कोकण, खानदेश, वऱ्हाड, मराठवाडा, सगळं एका वाटीत. तेव्हा आपल्याला राग येतो. तोच राग इथे का येत नाही?

पाकिटावरच्या ‘साऊथवेस्ट’मध्ये साधारण काय असतं? ब्लॅक बीन्सचा डबा, पिंटोचा डबा, मक्याचा डबा, टोमॅटोचा डबा आणि मसाल्याचं एक पाकीट. या पाकिटाचा पूर्वज टेक्सासमधला आहे. १८९० च्या दशकात विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरिताने तयार चिली पावडर बाजारात आणली. त्याच काळात शेजारच्या सॅन अँटोनिओच्या चौकांत मेक्सिकन वंशाच्या बायका संध्याकाळी चूल मांडून मिरचीचा रस्सा आणि बीन्स विकत. ‘चिली क्वीन्स’ म्हणून त्या प्रसिद्ध होत्या. पुढे आरोग्याचे नियम दाखवून त्यांना चौकांतून उठवलं. पावडर राहिली, बायका गेल्या.

सुपरमार्केटात ‘अनासाझी बीन्स’ नावाची एक देखणी, पांढरी-तांबडी बीन मिळते. ‘अनासाझी’ हा नवाहो भाषेतला शब्द, त्याचा अर्थ बहुधा ‘प्राचीन शत्रू’ असा लावतात. ज्यांच्या पूर्वजांना हे नाव चिकटवलं त्या प्युएब्लो लोकांना ते आवडत नाही. पाकिटावर ते ऐटीत छापलेलं असतं.

अर्ध्या तासावरचं गाव

आता ज्यासाठी हा सगळा आटापिटा, त्या बीनकडे येते. तिचं नाव टेपरी. ओओधाम भाषेत बाव. राजम्याची चुलत बहीण, पण जात वेगळी: फॅसिओलस अ‍ॅक्युटिफोलियस. दाणा लहान आणि चपटा, रंग पांढरा किंवा तपकिरी. सोनोरन वाळवंटातलं हे पीक एक-दोन चांगल्या पावसांवर येतं. इथेही उन्हाळ्यात पाऊस येतो आणि लोक त्याला मॉन्सूनच म्हणतात. १५ जून ते ३० सप्टेंबर. तारखा वाचून मला खरीपच आठवतो. ओओधाम शेतकरी ओढ्याच्या तोंडाशी, पुराचं पाणी पसरतं तिथे टेपरी पेरत. त्यांच्या एका कथेत आकाशगंगा म्हणजे आभाळात सांडलेले पांढरे टेपरीचे दाणे आहेत.

या लोकांना बाहेरचे कित्येक वर्षं ‘पापागो’ म्हणत. त्या नावाचं मूळ ‘टेपरी खाणारे’ या अर्थाच्या शब्दात असल्याचं सांगतात. १९८६ मध्ये त्यांनी अधिकृतपणे ते नाव टाकून स्वतःचं घेतलं. तोहोनो ओओधाम, वाळवंटातली माणसं.

त्यांचे भाऊबंद अकिमेल ओओधाम, म्हणजे नदीकाठची माणसं, हिला नदीवर कालव्यांची शेती करत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नदीच्या वरच्या अंगाला आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी पाणी वळवलं. नदी आटली, शेतं गेली, उपासमार झाली. मग सरकारी शिधा आला: मैदा, चरबी, साखर. १९६५ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने याच समाजात मधुमेहाचा दीर्घ अभ्यास केला. टाइप-२ मधुमेहाचं तिथलं प्रमाण जगात नोंदलेल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. पाण्याच्या हक्काचा मोठा निवाडा व्हायला २००४ चा कायदा यावा लागला. आता हिला रिव्हरच्या वस्तीत पुन्हा टेपरी पिकते. सॅकॅटनच्या रमोना फार्म्सचं पाकीट तुम्ही ऑनलाइनसुद्धा मागवू शकता. तूसॉनची ‘नेटिव्ह सीड्स सर्च’ ही संस्था १९८३ पासून असं बियाणं जपते आहे. तूसॉन २०१५ मध्ये युनेस्कोचं खाद्यसंस्कृतीचं शहर झालं, अमेरिकेतलं पहिलंच. आणि आपण म्हणतो, यांचं स्वतःचं खाणं कुठे आहे!

चँडलरची हद्द त्या वस्तीला लागून आहे. आपण जिथे चिप बनवायला आणि कोड लिहायला आलो, तिथून त्यांची शेतं दिसतात. आपल्या घराघरांत मेटफॉर्मिनची पाकिटं आहेत. तरीही पॉटलकमध्ये त्या बीनचं नाव कुणाला माहीत नसतं. याला मी अज्ञान म्हणणार नाही. अज्ञान गूगलने दोन मिनिटांत जातं. ही बेफिकिरी आहे.

तर मग करायचं कसं?

नुसतं भांडून पोट भरत नाही. म्हणून पद्धत देते, चार-सहा जणांपुरती.

अर्धा किलो सुके पिंटो किंवा टेपरी निवडा, रात्रभर भरपूर पाण्यात भिजवा. सकाळी ते पाणी फेकून द्या. नवीन पाण्यात गॅसवर ठेवा आणि खळखळ उकळी आल्यापासून तीस मिनिटं उकळा. ही पायरी गाळू नका. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन असतं; चार-पाच कच्च्या दाण्यांनीही जबर उलट्या-जुलाब होऊ शकतात. ते मरतं उकळीला. स्लो कुकर हळूहळू तापतो, आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रासदायक ठरू शकतो. पाच तास भिजवणं, पाणी फेकणं, अर्धा तास उकळणं ही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची लाल राजम्यासाठीची सूचना आहे. पिंटोत हे द्रव्य कमी असतं, पण मी सगळ्याच बीन्सना तोच नियम लावते. ‘सुके बीन्स थेट ओता, आठ तासांनी या’ असं सांगणारा प्रत्येक व्हिडिओ हा टेस्ट न करता प्रॉडक्शनला ढकललेला कोड आहे.

उकळलेले बीन्स आता कुकरमध्ये घाला. वर दोन-तीन बोटं पाणी, एक मोठा कांदा, सात-आठ लसूण पाकळ्या, चिमूटभर मेक्सिकन ओरेगानो. लो वर सात-आठ तास. टेपरीला याहून जास्त वेळ लागतो, म्हणून ती रात्रीच लावा. टोमॅटो, लिंबू असलं आंबट काहीही सुरुवातीला घालायचं नाही. आंबटामुळे दाण्याची साल आवळून राहते आणि बीन टणकच राहते. मीठ मात्र आधी घातलं तरी चालतं.

शेवटच्या दीड-दोन तासांत शिजवलेली होमिनी, लाल भोपळ्याच्या फोडी आणि भाजून सोललेली हिरवी मिरची घाला. होमिनी म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवून साल काढलेला मका. या चुन्यामुळे मक्यातलं नायसिन अंगी लागतं. युरोपने मका नेला, चुन्याची युक्ती नेली नाही, आणि मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा पसरला. कृतीतली एक ओळ गाळली की काय होतं, त्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. मका, बीन, भोपळा ही तिघं शेतातही एकत्र असतात. मक्यावर वेल चढते, वेल जमिनीला नत्र देते, भोपळ्याची पानं ओल धरतात. ताटातही तेच: मक्यात जे प्रथिन कमी ते बीनमध्ये असतं.

मिरची न्यू मेक्सिकोची घ्या. तिथल्या विधिमंडळाने १९६५ मध्ये मिरची आणि पिंटो या दोघांना राज्याच्या भाज्या म्हणून मान दिला. तिथली लांब मिरची फाबियान गार्सिया या मेक्सिकोत जन्मलेल्या अनाथ मुलाने घडवली. तो तिथल्या कृषी महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीत शिकला, तिथेच संशोधक झाला आणि १९२१ मध्ये त्याने ‘न्यू मेक्सिको नंबर ९’ हे वाण दिलं.

गरम मसाला घालू नका. कसुरी मेथी घालू नका. एकदा तरी त्या बीनची चव लागू द्या. तळाशी जो दाट रस उतरतो तो आपल्या कटासारखा असतो, तोच खरा ऐवज.

“इतकं काय? सूपच तर आहे!”

पहिला आक्षेप: आमच्या कुकरमध्ये हेच अर्ध्या तासात होतं. बरोबर आहे. प्रेशर कुकर उत्तम यंत्र आहे आणि ते लेक्टिनही मारतं. खुशाल वापरा. माझं भांडण शिट्ट्यांशी नाही.

दुसरा आक्षेप: वेळ नाही, आम्ही डबेच उघडणार. उघडा. डब्यातले बीन्स शिजलेले असतात, सुरक्षित असतात, आणि दोन नोकऱ्या करणाऱ्या बाईला मी सुक्या बीन्सचं प्रवचन देणार नाही. पण पॉटलकला येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या कामाला वर्क-फ्रॉम-होम म्हणतात. अर्धा तास उकळायला त्यांच्याकडे एक स्टँडअप मीटिंग असते.

तिसरा आक्षेप सगळ्यात हुशार: अन्न तर फिरतंच, मिसळतंच. मग कोण कुणाचं हे कशाला मोजायचं? मालकी मी मोजतच नाही. माझ्या धंद्यातलं उदाहरण देते. ओपन सोर्सच्या सगळ्यात मोकळ्या लायसन्सांपैकी एक म्हणजे एमआयटी. कोड घ्या, बदला, विका, काहीही करा. अट एकच: मूळ लेखकाची नोंद काढायची नाही. एवढ्या एका अटीवर जगातलं निम्मं सॉफ्टवेअर उभं आहे असं म्हटलं तरी चालेल. ती नोंद कुणी पुसली तर आपण ट्विटरवर रान उठवतो. बीनच्या बाबतीत तेवढंच मागते आहे. जिरं घाला, तूप घाला, भाताबरोबर खा. नाव काढू नका.

आणि नाव गेल्यावर काय होतं, हे कोरेगाव तालुक्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. उत्तर कोरेगावच्या कोरडवाहू रानात वाघ्या घेवडा होतो. फिकट दाण्यावर तांबडे पट्टे, वाघासारखे, म्हणून वाघ्या. स्पॅनिशमध्ये ‘पिंटो’चा अर्थ ठिपक्यांचा, रंगवलेला. एकाच जातीचे दोन दाणे, दोन्ही कमी पावसाचे, दोघांनाही शेतकऱ्याने अंगावरच्या नक्षीवरून हाक मारलेली. वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण बाजारात पोत्याबाहेर पडला की तो नुसता ‘राजमा’ होतो, आणि पुण्यातल्या दुकानातही त्याला वाघ्या म्हणून ओळखणारं कुणी भेटलं तर नशीब. नाव गेलं की भाव जातो. भाव गेला की पुढच्या खरिपाला शेतकरी दुसरं काहीतरी पेरतो. मग बी जातं.

म्हणून पुढच्या पॉटलकच्या चिठ्ठीवर ‘साऊथवेस्टर्न’ खोडा. पिंटो असेल तर पिंटो लिहा, टेपरी असेल तर टेपरी, आणि खाली गाव लिहा: सॅकॅटन, अ‍ॅरिझोना. कुणी म्हणालं, “हा तर आपला राजमाच,” तर वाढणं थांबवू नका. वाटी भरून द्या आणि सांगा, नाही, याचं नाव वेगळं आहे.